लोखंड काही करत नव्हतं

मी लोखंडावर काम करते असं गावी, विंझरला सांगितलं, की लोकांना वाटायचं मी पुण्यात एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आहे. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी लोखंडाचं औषद करती." सुरुवातीला मी तिला दुरुस्त करायचे. काही संयुगांत धातूचा अणू कार्बनच्या अणूला थेट धरून असतो. अशी संयुगं दुसऱ्या रेणूंची जोडणी घडवून आणतात आणि औषधांच्या कारखान्यांत त्यांचा फार उपयोग होतो. आई सगळं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "म्हंजे औषदच की." पुढे मी दुरुस्त करणं सोडलं.

वडिलांची विंझरला रस्त्याकडेला पिठाची गिरणी आहे आणि मागे भाताची चार खाचरं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी बारावीपर्यंत वेल्ह्याला शिकले, बी.एस्सी. भोरला मावशीकडे राहून केलं, एम.एस्सी. पुण्यात. मग पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले आणि पदवी मिळाल्यावरही तिथेच कंत्राटावर राहिले. सगळी मिळून दहा वर्षं मी एकाच खोलीत काम केलं.

आमची संयुगं हवेत टिकत नसत. हवा लागली की केशरी रंग उतरून तपकिरी गाळ व्हायचा. म्हणून सगळं काम एका मोठ्या काचेच्या पेटीत चाले, तिच्यात फक्त नायट्रोजन भरलेला असे. पेटीला खांद्यापर्यंत येणारे काळे रबरी हातमोजे जोडलेले होते. बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि आत काम करायचं. एवढ्या जाड मोज्यांतून बोटांना काही कळत नाही. चमचा धरलाय का सुटलाय, ते बघूनच ठरवावं लागतं. पहिल्या वर्षी मी रोज काहीतरी पाडत होते. दुसऱ्या वर्षी पाडणं थांबलं.

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. प्रयोग फसला तर ओरडत नसत. कागद बघायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." त्याच खोलीत त्यांनी वीस वर्षं पॅलेडियम हा धातू वापरून कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडण्याचं काम केलं होतं. पॅलेडियम महाग आणि दुर्मीळ. तेच काम साध्या लोखंडानं करून दाखवायचं, हा माझा विषय होता.

चौथ्या वर्षी मला लोखंडाचं एक संयुग मिळालं. गाजराच्या बर्फीच्या रंगाचे बारीक स्फटिक. ते चिमूटभर टाकून मिश्रण चार तास गरम केलं आणि तपासणीच्या पट्टीवर थेंब ठेवून ती निळ्या दिव्याखाली धरली, तर मूळ पदार्थांचे दोन ठिपके गेले होते आणि मध्येच एक नवा ठिपका आला होता. कड्या जोडल्या गेल्या होत्या. मी सरांना पट्टी दाखवली. ते म्हणाले, "पुन्हा." मी सात वेळा पुन्हा केलं. सातही वेळा झालं.

निबंध चांगल्या नियतकालिकात छापून आला. सरांनी पेढे वाटले. गावाला कुठून तरी कळलं आणि विंझरच्या फाट्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'लोखंडाचे सोने करणारी वेल्ह्याची कन्या'. फोटो बारावीच्या ओळखपत्रावरचा होता. मी एसटीतून उतरले तेव्हा फ्लेक्सखाली दोन म्हातारे बसची वाट बघत बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

पुढे त्या कामाला नवा निधी मिळाला आणि ते वाढवायला सरांनी एक विद्यार्थिनी घेतली. ती भोरची होती. आई अंगणवाडीत, वडील रिक्षा चालवतात. आपल्या भागातली म्हणून पहिल्या दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली. शनिवारी आम्ही स्वारगेटहून एकाच गाडीनं निघायचो. वरवं गाव मागे पडलं की मी पिशव्या आवरायचे आणि चेलाडी फाट्याला उतरून वेल्ह्याची गाडी धरायचे. ती तशीच पुढे कापूरहोळवरून भोरला जायची. वाटेत ती सारखी प्रश्न विचारायची आणि उत्तरं मोबाईलमध्ये टिपून घ्यायची. तिच्या घराण्यात विज्ञान शिकलेलं कुणी नव्हतं. माझ्याही नव्हतं, पण तिला त्याचा अभिमान वाटायचा आणि मला त्याचं काही वाटायचं नाही, एवढा आमच्यात फरक होता.

तिला माझाच प्रयोग आधी जसाच्या तसा करून बघायचा होता. तिचा तो होईना. पट्टीवर मूळचे दोन ठिपके तसेच राहायचे. मी म्हटलं, हवा जात असेल. तिनं सगळे सांधे पुन्हा ग्रीस लावून बसवले. मी म्हटलं, ओलावा असेल. तिनं भांडी तीन-तीनदा धुऊन भट्टीत वाळवली. वहीत रोजची हवेतली आर्द्रता लिहायला लागली. बांगडी काढून ठेवली. पाच महिन्यांत तिच्या हातून प्रयोग एकदाच झाला, तोही मी माझा फ्लास्क देऊन शेजारी उभी होते तेव्हा. त्या दिवशी तिनं घरी फोन करून सांगितलं, "आई, झालं!" दुसऱ्या दिवशी तिच्या स्वतःच्या फ्लास्कमध्ये पुन्हा काही नाही.

फ्लास्क दोन्ही सारखेच, द्रावण एकाच बाटलीतलं, केशरी स्फटिक माझ्याच हातचे. मी दोन्ही शेजारी ठेवून बघत राहिले. फरक एकच होता. मिश्रण ढवळायला फ्लास्कमध्ये एक मॅग्नेट टाकतात, पांढऱ्या प्लास्टिकच्या वेष्टनातला, बोटाच्या पेराएवढा. फ्लास्कखालच्या यंत्रावर तो आतल्या आत फिरत राहतो. नवीन येणाऱ्याला सगळं सामान नवं मिळतं, त्यामुळे तिचे मॅग्नेट कोरे, दुधासारखे पांढरे होते. माझे या खोलीतल्या आधीच्या विद्यार्थ्यांकडून आलेले. राखाडी पडलेले, ओरखडे उठलेले.

जुलैतली दुपार होती. ती जेवायला गेली होती. मी माझा जुना मॅग्नेट घेतला, स्वच्छ फ्लास्कमध्ये टाकला, बाकी सगळं घातलं आणि लोखंड घातलंच नाही.

चार तासांनी पट्टी दिव्याखाली धरली. दोन ठिपके गेले होते. मध्ये एक नवा ठिपका होता.

मी दिवा बंद केला. कँटीनमध्ये पोहे संपले होते म्हणून उपमा घेतला. तो खाल्ला. परत येऊन दुसरा जुना मॅग्नेट घेतला आणि तेच केलं. लोखंड न घालताही कड्या जोडल्या जात होत्या. मग एक जुना मॅग्नेट तीव्र आम्लात उकळला आणि ते आम्ल दुसऱ्या विभागात तपासायला दिलं. पॅलेडियम निघालं. आधीच्या वीस वर्षांतलं, सरांच्या कुठल्यातरी जुन्या विद्यार्थ्याच्या हातचं, ओरखड्यांत बसून राहिलेलं. धुऊन जात नव्हतं आणि डोळ्यांना दिसत नव्हतं. माझं लोखंड काही करत नव्हतं. ते फक्त तिथे होतं.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. हातपाय गार पडतील, रडू येईल, निदान भीती वाटेल. मी वाट बघितली. काही झालं नाही. सिनेमात दुसऱ्या कुणाचं तरी घर जळताना आपण शेंगदाणे खात बघतो, तसं मी ते बघत होते.

पंधरा दिवसांत मी तोच प्रयोग अकरा वेळा केला आणि मग सरांच्या खोलीत गेले.

"सर, लोखंड काही करत नाही," मी म्हणाले.

ते कसल्यातरी अर्जांवर सह्या करत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत सह्या करत राहिले. शेवटचा अर्ज बाजूला ठेवून म्हणाले, "किती वेळा केलंस?"

"अकरा."

"नव्या मॅग्नेटवर?"

"नव्यावर एकदाही होत नाही. लोखंड घातलं तरी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग सध्या राहू दे. मी विचार करतो."

मी बरं म्हणून बाहेर आले. नंतर लोकांनी विचारलं, सरांनी दबाव आणला का? नाही आणला. ते फक्त 'सध्या राहू दे' म्हणाले आणि मी राहू दिलं. मला त्यांची भीती वाटत नव्हती, नोकरीचीही तेव्हा वाटत नव्हती. आत काही हलतच नव्हतं. सकाळी उठत होते, डबा भरत होते, जुन्या मॅग्नेटमधून किती पॅलेडियम निघतं ते मोजून वहीत लिहीत होते. असे चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत ती शेजारच्या टेबलावर नव्या मॅग्नेटनं प्रयोग करत होती.

ऑगस्टमध्ये एकदा तिनं मला विचारलं, "ताई, माझ्या हाताला घाम जास्त येतो का हो? त्यानं होत नसेल का?"

मी म्हटलं, "मोज्यात पावडर लाव."

तिनं पावडर लावली. घामाचा काही संबंध नाही हे मला माहीत होतं, मोजे तर पेटीचे होते. तरी मी तसं म्हटलं.

एकदा वाटलं, माझा एक जुना मॅग्नेट गुपचूप तिच्या खणात ठेवावा, म्हणजे तिचं होईल आणि ती शांत झोपेल. तो एप्रनच्या खिशात घालून मी तिच्या टेबलापर्यंत गेलेही. मग आठवलं की हे म्हणजे खोट्यावर आणखी खोटं. परत आले. खोटं केलं नाही, याचं मला पुढे बरेच दिवस समाधान होतं. खरं सांगायचा रस्ता त्याच चार पावलांवर होता, हे डोक्यातच आलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी शनिवारच्या बैठकीत तिनं नेहमीप्रमाणे फसलेले निकाल दाखवले. सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुला जमत नसेल तर तसं सांग. दुसरं कुणी करेल." ते कधी असं बोलत नसत. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तुटून आत पडलं. मी चमच्यानं त्याचे तुकडे काढत बसले. मान वर केली तेव्हा ती खाली बसली होती.

दिवाळीला ती घरी गेली आणि परत आलीच नाही. फोन बंद. एक दिवस तिच्या आईचा मला फोन आला.

"ताई, तुमी तिच्याबरुबर असता. काय झालंय हो तिला? नीट जेवत न्हाई, बोलत न्हाई. म्हणती, माझ्या हातातच खोट हाय. मशीनवर शिवायलासुदीक बसत न्हाई, हात लावला की बिघडंल म्हणती."

"मी बघते," मी म्हणाले.

त्या शनिवारी मी घरी गेले. रविवारी सकाळी अण्णा गिरणीत जात्याचं झाकण उघडून ब्रशनं आतलं पीठ काढत होते. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. एकादशीच्या आदल्या दिवशी गावातल्या बाया वरई, राजगिरा घेऊन येतात आणि त्यात गव्हाचा कण गेलेला त्यांना चालत नाही. म्हणून अण्णा आधी सगळं झाडून घेतात, मग मूठभर वरई नुसतीच दळून ती टाकून देतात, आणि मग दळण सुरू करतात. मी दारातल्या पोत्यावर बसले. बाहेर माझा फ्लेक्स पेंढ्याच्या गंजीवर पसरून दोऱ्यांनी बांधला होता. चेहऱ्याचा अर्धा भाग वर आलेला.

"अण्णा, माझं काम चुकीचं निघालं," मी म्हणाले.

"कसं?"

"भांड्यात ढवळायला लोहचुंबक असतो. त्याच्या ओरखड्यात आधीच्या लोकांचा धातू अडकून राहिला होता. काम तो करत होता. मला वाटलं माझं लोखंड करतंय."

त्यांचा ब्रश चालूच होता. "म्हंजे आदीच्या दळणाचं पीठ राह्यलं व्हतं."

"हो."

"किती?"

"दिसणार नाही इतकं."

"दिसत न्हाईच ते." त्यांनी तळहातावरचं पीठ फुंकलं. "मंग सांगितलं का?"

"सरांना सांगितलं."

"सरांचं दळण व्हतं का?"

मी पोत्याची सुतळी ओढत बसले.

"ज्याच्या डब्यात ग्येलं त्याला सांगायचं," अण्णा म्हणाले. "माझ्या हातनं एकदा वरईत बाजरी ग्येली व्हती. बाई पार वळणापत्तूर ग्येली, तिला हाक मारून माघारी आणली. लई बोलली मला. बोलणारच की."

"मग?"

"मंग काय? सा म्हैनं तिनं दळाण दुसरीकडं न्हेलं."

एवढं बोलून त्यांनी झाकण बसवलं आणि मोटर चालू केली. मोटर चालू झाल्यावर गिरणीत बोलता येत नाही.

मी तशीच उठले. वडापच्या जीपनं चेलाडी फाट्याला आले आणि तिथून भोरची एसटी धरली. तिचं घर विचारत विचारत सापडलं. रविवार असल्यानं घरची माणसं नुकतीच विहारातून वंदना करून परतली होती. तिच्या आईच्या अंगावर पांढरी साडी होती. त्यांनी मला हात धरून आत नेलं आणि तिला हाक मारली. ती आली, समोरच्या खुर्चीवर बसली. आई चहा टाकायला आत गेली.

"तुझे हात चांगले आहेत," मी म्हणाले. गाडीत ठरवलेलं पहिलं वाक्य तेवढंच होतं. मग सगळं सांगितलं, मॅग्नेट, पॅलेडियम, अकरा वेळा केलेला प्रयोग, सरांशी झालेलं बोलणं. "तुझे मॅग्नेट नवे होते म्हणून तुझं होत नव्हतं. बरोबर उत्तर तुझंच येत होतं. चूक माझं होतं."

मला वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"जुलैत."

"आता नोव्हेंबर आहे."

"हो."

"मी ऑगस्टमध्ये तुम्हाला विचारलं होतं, माझ्या हाताला घाम येतो का."

"हो."

"तुम्ही काय म्हणाला होतात?"

"पावडर लाव."

ती उठून खिडकीशी गेली आणि तिथला शिलाई मशीनवरचा कपडा उगाच सरळ केला. "सरांना माहीत होतं, हे एक वेळ समजू शकते," ती पाठमोरीच म्हणाली. "सरांना असतंच. तुम्हालाही असेल असं वाटलं नव्हतं."

तेवढ्यात तिची आई ताट घेऊन आली. तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी. "जेवून जावा, ताई. भर दुपारचं न जेवता कुठं जाता?"

"त्यांची बस आहे, आई," ती म्हणाली.

पुण्याच्या गाडीला अजून दीड तास होता. तिलाही ते माहीत होतं. मी उठले. तिच्या आईनं भाकरी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. एसटी स्टँडवर बाकावर बसून मी ती खाल्ली. नुसतीच, कोरडी. इथे मला रडू यायला हवं होतं असं आजही वाटतं. आलं नाही. भाकरी मऊ होती, एवढं आठवतं.

सोमवारी मी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, की आमच्या निबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो आम्ही मागे घेत आहोत. छापून सरांपुढे ठेवलं.

"मी हे पाठवणार आहे," मी म्हणाले. "तुमचीही सही असली तर बरं होईल."

त्यांनी दोनदा वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग म्हणाले, "ती भोरची मुलगी. तिला सांगितलंस?"

"काल."

"काय म्हणाली?"

"विचारलं, कधी कळलं."

त्यांनी मान हलवली. पत्र सरळ करून पुढ्यात घेतलं. "पॅलेडियम माझंच आहे हे," ते म्हणाले. "पहिले मॅग्नेट मी आणले होते, या खोलीत आलो त्या वर्षी." आणि सही केली.

निबंध मागे घेतल्याची चार ओळींची सूचना छापून आली. पदवी राहिली, कारण प्रबंधातला बाकीचा भाग बरोबर होता. मार्चमध्ये माझं कंत्राट संपलं आणि पुढे वाढवलं गेलं नाही. त्याचं कारण हेच, असं कुणी म्हणालं नाही. मी विचारलंही नाही. शेवटच्या दिवशी माझे सगळे जुने मॅग्नेट एका बाटलीत घालून त्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली आणि कपाटात ठेवले.

गावात कुणी फारसं विचारलं नाही. फ्लेक्स लावणारे गृहस्थ एकदा चहाच्या टपरीवर भेटले. "म्याडम, सोनं कुठवर आलं?" म्हणाले. "चुकलं ते," मी म्हटलं. "व्हतंय," ते म्हणाले आणि रस्त्याच्या रखडलेल्या कामाबद्दल बोलायला लागले. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता लोखंडाचं न्हाई, तर मंग कशाचं करायचं?" मी म्हटलं, "शिकवीन." ती म्हणाली, "ते बरं. दिसंल तरी."

तेव्हापासून मी भोरला एका कॉलेजात शिकवते. तासांवर नेमणूक आहे, दर जूनला पुन्हा अर्ज करायचा. प्रयोगशाळेत दोनच नळ आहेत, त्यातला एक सतत ठिबकतो. मुलं वाडीवस्तीवरून येतात. गाडी चुकली की प्रॅक्टिकल चुकतं, म्हणून मी तेच प्रॅक्टिकल आठवड्यात दोनदा घेते. काचेची पेटी नाही, काळे मोजे नाहीत. हवेत न टिकणारं काही आम्ही इथे करतच नाही.

तिची हकिकत मला तिच्या आईकडून कळत राहिली. बाजारात भेटल्या की त्या थांबतात. डिसेंबरात सर स्वतः त्यांच्या घरी आले होते, म्हणे. एसटीनं आले, पत्ता विचारत. तिच्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं आणि बोलताना मला ते माहीत होतं." तिनं त्यांना पाणीही विचारलं नाही, याची तिच्या आईला अजून लाज वाटते. पण जानेवारीत ती परत गेली. अशी जोडणी घडवायला कमीत कमी किती पॅलेडियम पुरतं आणि ते कुठे कुठे लपून राहतं, हा विषय तिनंच मागून घेतला. सर निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली.

मला ती चार वर्षांत भेटली नाही. मग या वर्षी एका सकाळी तिचा फोन आला. "भोर स्टँडवर दहा मिनिटं येऊ शकाल का?"

ती बाकावर बसली होती, मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा. केस कापले होते, चष्मा लागला होता. मी शेजारी बसले. कशी आहेस वगैरे झालं नाही. तिनं गठ्ठा माझ्याकडे दिला. माझ्याच वहीची पानं होती, संस्थेच्या कपाटातून काढलेली. जुलै ते नोव्हेंबर.

"प्रबंध लिहितेय," ती म्हणाली. "तुमची ही मोजणी मला वापरायचीय. इतकी मोजणी दुसऱ्या कुणी केलेली नाही."

"वापर."

तिनं एका पानावर बोट ठेवलं. "ही तारीख बघा. हा शनिवार. सकाळी तुम्ही हे मोजलंय. दुपारी ती बैठक होती."

"हो."

"म्हणजे आकडा तुमच्यासमोर होता."

"हो."

तिनं पान उलटलं. आणखी दोन उलटली. स्टँडवरच्या भोंग्यातून कुठल्यातरी गाडीची घोषणा झाली, ती स्वारगेटची नव्हती. मग ती म्हणाली, "इथं तुम्ही मिलिग्रॅम लिहिलंय. मायक्रोग्रॅम पाहिजे ना?"

मी बघितलं. खरंच चुकलं होतं. हजारपटीची चूक. "मायक्रो पाहिजे," मी म्हणाले.

"मग दुरुस्त करून सही करा. आजची तारीख घाला."

तिनं पेन दिलं. मी गठ्ठा गुडघ्यावर धरून तो शब्द खोडला, वर बरोबर लिहिला, सही केली, तारीख घातली. तिनं पान हातात घेऊन नीट वाचलं.

"ऋणनिर्देशात तुमचं नाव येईल," ती म्हणाली. "मोजणी कुणाची ते लिहावं लागतं."

"चालेल."

"मी बाकी काही लिहिणार नाही."

"नको लिहूस."

स्वारगेटची गाडी लागली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. चढताना वळून म्हणाली, "आई म्हणते, तुम्ही बाजारात भेटता. तिला आता आतल्या गल्लीतनं चालवत नाही. दिसली तर रिक्षा करून द्या."

"देते," मी म्हणाले.

गाडी गेल्यावर मी बाकावरच बसून राहिले. एका बाईनं पाटी ठेवायला जागा मागितली तेव्हा सरकले. त्या दिवशी दुपारचं प्रॅक्टिकल पाच मिनिटं उशिरा सुरू झालं. माझ्याकडून असं कधी होत नाही. मी पोचले तेव्हा मुलांनी भांडी मांडून ठेवली होती.